२७ मे १९९९ : स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आणि परत न आलेलं टेहळणी विमान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी २६ जुलै, म्हणजे कारगिल विजय दिन, जवळ आला की नाशिकमधल्या दोन-तीन शाळा मला कारगिलवर बोलायला बोलावतात. मी सैनिक नाही. ओझरच्या मिग कारखान्यातल्या एका फिटरचा मुलगा एवढीच माझी ओळख. विमानाचं वेड घरातच होतं, वाचन नंतर वाढलं. भाषण वीस मिनिटांत संपतं आणि प्रश्न तासभर चालतात, तेही बहुतेक दरवर्षी तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले.

त्या दिवशी नेमकं काय झालं? थोडक्यात सांगा.

गुरुवार होता. कारगिलच्या शिखरांवरच्या घुसखोरांविरुद्ध हवाई दलाची 'ऑपरेशन सफेद सागर' ही मोहीम आदल्याच दिवशी, २६ मेला सुरू झाली होती. २७ मेला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता मिग-२७ घेऊन हल्ल्याला गेले. रॉकेटं डागल्यावर त्यांचं इंजिन बंद पडलं आणि त्यांना विमानाबाहेर उडी घ्यावी लागली. त्याच भागात १७ स्क्वाड्रनचे फ्लाइट कमांडर, स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ मधून टेहळणीच्या कामगिरीवर होते. आपला एक वैमानिक खाली उतरलाय हे कळल्यावर ते माघारी फिरले नाहीत. तो कुठे पडलाय ते शोधायला त्याच आभाळात थांबले. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राने त्यांच्या विमानाचा वेध घेतला. काहीतरी आदळलंय, क्षेपणास्त्र असू शकेल, मी बाहेर पडतोय, अशा अर्थाचा त्यांचा शेवटचा निरोप रेडिओवर आला. ते जिवंत परतले नाहीत. पाचच दिवसांपूर्वी, २२ मेला, त्यांनी छत्तीस वर्षं पूर्ण केली होती.

टेहळणी म्हणजे हेरगिरीच ना?

नाही. हेर वेश बदलतो, पकडला गेला तर त्याचं सरकार त्याला ओळखही देत नाही. टेहळणीचा वैमानिक गणवेशात असतो, विमानावर देशाची खूण असते, पकडला गेला तर तो युद्धकैदी. शिवकाळातले नजरबाज आणि गडाच्या बुरुजावरचा पहारेकरी यांच्यात जो फरक, तोच इथे.

काम ऐकायला सोपं वाटतं. जायचं, फोटो काढायचे, यायचं. पण यात 'यायचं' हा शब्द सगळ्यात जड आहे. बॉम्ब टाकणाऱ्याचं काम बॉम्ब सुटला की बरंचसं झालेलं असतं. टेहळणीवाल्याचं तसं नाही. १९९९ मध्ये आपल्या विमानांतली ही छायाचित्रं फिल्मवर निघत. फिल्म विमानाच्या पोटाखालच्या पॉडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डब्यात. विमान उतरलं, फिल्म काढली, धुतली, की मग कुठे काही दिसणार. वैमानिक परत आला नाही तर त्याने पाहिलेलंही परत येत नाही. म्हणून या कामात एका जागेवरून दुसऱ्यांदा जाणं टाळतात. पहिल्या फेरीत खालचे लोक दचकतात, दुसऱ्या फेरीला ते तयार असतात. आहुजा यांनी काय केलं हे समजून घ्यायचं तर हा नियम आधी माहीत हवा.

फोटो काढायला लढाऊ विमानच कशाला? वेगळी विमानं नव्हती का?

होती. कॅनबेरा. १०६ स्क्वाड्रनची ही विमानं उंचावरून, मोठ्या कॅमेऱ्यांनी टेहळणी करायची आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. विंग कमांडर जगमोहन नाथ यांना १९६२ आणि १९६५ अशी दोन महावीरचक्रं मिळाली ती याच विमानातून केलेल्या टेहळणीसाठी.

कारगिलमध्येही पहिला मान कॅनबेराचाच होता, आणि पहिला फटकाही. २१ मेला, म्हणजे मोहीम सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि त्यांचे नॅव्हिगेटर स्क्वाड्रन लीडर झा बटालिक भागावरून फोटो काढत असताना उजव्या इंजिनावर क्षेपणास्त्र बसलं. कॅनबेराला इंजिनं दोन. उरलेल्या एकावर त्यांनी विमान श्रीनगरला आणून उतरवलं.

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. वर बसलेल्यांकडे खांद्यावरची क्षेपणास्त्रं आहेत, ही एक. आणि जुन्या, संथ, मोठ्या विमानाला त्या दऱ्यांमध्ये पाठवणं जिवावरचं आहे, ही दुसरी. मग कॅमेऱ्याचा पॉड लावलेली मिग-२१ जास्त वापरात आली. १७ स्क्वाड्रन भटिंड्याजवळच्या भिसियाना तळावरची, टेहळणीची खास तयारी असलेली. तिचे कमांडिंग ऑफिसर तेव्हा विंग कमांडर बी. एस. धनोआ होते. हो, तेच, पुढे हवाई दलप्रमुख झालेले.

मिग-२१ चपळ, पण इंजिन एकच. इथे मी मुलांना क्षणभर थांबायला सांगतो. सहा दिवसांच्या अंतराने, एकाच प्रकारच्या कामावर, दोन विमानांना क्षेपणास्त्र लागलं. एकाकडे दुसरं इंजिन होतं.

उपग्रहावरून दिसलं नसतं का?

आज फोनवर आपल्या घराची गच्ची दिसते, म्हणून हा प्रश्न येतो. तेव्हा आपल्या आयआरएस-१सी उपग्रहाला जेमतेम ५.८ मीटरचा तपशील टिपता यायचा. म्हणजे आपल्या गल्लीत उभा असलेला टेम्पो हा त्या चित्रात एक ठिपका. एक मीटरचा तपशील देणारा टीईएस हा उपग्रह आपण सोडला ऑक्टोबर २००१ मध्ये, कारगिलनंतर.

आणि शोधायचं काय होतं? दगडावर दगड रचून केलेला कंबरभर उंचीचा आडोसा, त्याला लष्कराच्या बोलीत संगर म्हणतात. बर्फात पांढरा तंबू. आपण मे महिन्यात पांडवलेण्याच्या पायथ्याशी उभं राहून वरच्या काळ्या कातळात काळ्या दगडांची रास शोधून पाहावी, म्हणजे अंदाज येईल. टायगर हिलची उंची ५,०६२ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. तीन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी शंभरेक मीटर कमीच पडतात.

फोटो वाचणं हीसुद्धा कला आहे. एकाच जागेचे, एकमेकांवर अर्ध्याहून जास्त चढणारे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली ठेवले की डोंगर कागदातून उभा राहतो. मग सावली बघायची. दगडाची सावली ओबडधोबड, माणसाने रचलेल्या भिंतीची सरळ. कालच्या फोटोत नसलेली पायवाट आज दिसली, तर कोणीतरी रोज पाणी किंवा दारूगोळा वाहतंय. असली माहिती जवळून काढलेल्या फोटोतच सापडे, म्हणून माणूस पाठवावा लागे.

नचिकेता यांचं विमान पाकिस्तानने पाडलं का?

पाकिस्तानने दोन्ही विमानं पाडल्याचा दावा केला. आपल्या हवाई दलाचं म्हणणं वेगळं आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटण्यासारखं आहे. मिग-२७ चं इंजिन बंद पडलं, ज्याला फ्लेमआउट म्हणतात. रॉकेटांचा आणि तोफेचा गरम धूर हवेसोबत इंजिनात ओढला जातो. जमिनीजवळ हवा दाट असते, इंजिन तो धूर पचवतं. पाच हजार मीटरवर हवाच विरळ, त्यात धूर शिरला की ज्वाळा विझते. गावाकडे वादळात कंदील विझायचा तसं म्हटलं तरी चालेल, फक्त इथे वात पुन्हा पेटवायला काही सेकंदच हातात असतात. नचिकेता यांनी इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला. ते झालं नाही.

ते खाली उतरले, पकडले गेले, मारहाण सोसली आणि ३ जूनला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसमार्फत वाघा सीमेवरून परत आले. पाठीच्या दुखापतीमुळे लढाऊ विमान सुटलं, पण उडणं सुटलं नाही. पुढे ते हवाई दलाची मोठी वाहतूक विमानं चालवत होते.

आहुजा थांबले ही चूक नव्हती का? विमान आणि वैमानिक दोन्ही गेले.

हा प्रश्न दरवर्षी एखादा आठवी-नववीतला मुलगा विचारतो आणि मागे बसलेले शिक्षक कावरेबावरे होतात. मला तो सगळ्यात प्रामाणिक प्रश्न वाटतो. शहिदाबद्दल असं विचारू नये असं म्हणून त्याला गप्प बसवण्यात अर्थ नाही.

हिशोबाने पाहिलं तर त्याचं बरोबर आहे. एक विमान गेलेलं. खाली क्षेपणास्त्रं आहेत हे २१ मेपासून माहीत. आहुजा नवखे नव्हते. फ्लाइट कमांडर म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या खालोखालचा माणूस, पोरांना धोका समजावून सांगणारा. त्या आभाळात रेंगाळणं काय असतं हे स्क्वाड्रनमधल्या कोणाहीपेक्षा त्यांना जास्त कळत असणार.

आता दुसरी बाजू. खाली उडी मारलेल्या वैमानिकाला सोडवायचं असेल तर पहिला प्रश्न एकच असतो : तो कुठे आहे? हेलिकॉप्टर पाठवायचं तर दरी कोणती, उताराची बाजू कोणती, आपल्या चौकीपासून किती लांब? हवाई छत्री वाऱ्यावर कुठे गेली हे वरून पाहणाऱ्यालाच सांगता येतं, आणि तेही पहिल्या काही मिनिटांतच. त्यानंतर बर्फात माणूस म्हणजे ज्वारीच्या कोठारात राईचा दाणा. आणि त्या वेळी तिथे, वर, पाहण्याचंच शिक्षण घेतलेला माणूस एकच होता.

मला स्वतःला असं वाटतं, आणि हे माझं मत आहे, की त्यांनी कामगिरी सोडून काही वेगळं केलंच नाही. नजर तीच, जागा तीच. शोधायचं काय एवढंच बदललं. आधी शत्रूचा तंबू, आता आपला माणूस.

एका शाळेत हे सांगितल्यावर तो मुलगा म्हणाला, "पण सर, नचिकेता तर सापडलेच नाहीत ना त्यांना." मी म्हटलं, "नाही सापडले." तो खाली बसला. त्याच्या प्रश्नाला याहून जास्त उत्तर माझ्याकडे नाही.

क्षेपणास्त्र चुकवता आलं नसतं का?

हे क्षेपणास्त्र उष्णतेच्या मागे जातं. जेट इंजिनाचं शेपूट म्हणजे भट्टी, आणि त्या हवेत बाकी सगळं गारठलेलं. वैमानिकाला ते येताना दिसेलच असं नाही. रडारवर चालणारं क्षेपणास्त्र असेल तर विमानातला इशारा वाजतो. उष्णता शोधणारं मुकाट येतं.

त्याची झेप मारणाऱ्यापासून वर साधारण साडेतीन किलोमीटर. मैदानात यावर उपाय सोपा, विमान उंच न्यायचं. पण मारणारा स्वतःच पाच किलोमीटर उंच शिखरावर बसला असेल तर? आठ-साडेआठ किलोमीटरवरचं विमानही त्याच्या टप्प्यात. आणि तेवढ्या उंचीवरून खाली पडलेला एक माणूस दिसत नाही. दिसण्याइतकं खाली यायचं तर टप्प्यात यायचं. यातून तिसरी वाट नव्हती.

त्यांचा मृत्यू विमान पडल्यामुळे झाला का?

नाही. ते विमानातून सुखरूप बाहेर पडले होते. पार्थिव परत मिळाल्यावर श्रीनगरला शवविच्छेदन झालं. डावा गुडघा मोडलेला होता, म्हणजे जमिनीवर उतरताना झालेली इजा. आणि गोळ्यांच्या जखमा होत्या, जवळून झाडलेल्या. जिवंत उतरलेल्या, जायबंदी माणसाला गोळ्या घातल्या, असा भारताचा आरोप आहे. पाकिस्तानने तो मान्य केला नाही.

इथे कायदा काय म्हणतो ते मुलांना सांगावंच लागतं. पकडलेल्या किंवा जखमी होऊन लढाईबाहेर गेलेल्या शत्रूला मारायचं नाही, हे १९४९ च्या जिनिव्हा करारांत आहे आणि दोन्ही देशांनी ते मान्य केलेले आहेत. विमान निकामी झाल्यावर छत्रीने उतरणाऱ्यावर हल्ला करू नये, जमिनीवर आल्यावर त्याला शरण यायची संधी द्यावी, असं १९७७ च्या जोडकराराचं बेचाळिसावं कलम स्पष्ट सांगतं. त्या जोडकराराचा आपण भाग नाही, हेही खरं. पण छत्रीला लटकलेल्या माणसावर गोळी झाडू नये हा संकेत त्याहून जुना.

नचिकेता आणि आहुजा, दोघेही एकाच दिवशी, जवळपास एकाच डोंगररांगेत उतरले. एकाला परत पाठवलं. लहान वर्गात मी हा प्रश्न स्वतःहून काढत नाही. विचारला तर टाळतही नाही.

आपल्या विमानांनी नियंत्रण रेषा ओलांडली होती का?

रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा सक्त आदेश होता. त्यामुळे वैमानिकांचं काम कमालीचं अवघड झालं. दरी अरुंद, वळायला जागा कमी, आणि ज्या बाजूने सोपं वळण मिळेल तिकडे नेमकी रेषा. ताशी सातशे-आठशे किलोमीटरच्या वेगात रेषेपासून काही सेकंदांवर राहायचं. नाशिकरोडहून उडालेलं विमान एवढ्या वेगात सिन्नरवर दोनेक मिनिटांत पोचेल, यावरून विचार करा.

मिग-२१ म्हणजे उडती शवपेटी. जुनं विमान दिलं म्हणून गेले ना ते?

ओझरमध्ये हा शब्द जपून वापरावा. आमच्या टाउनशिपमध्ये तो कोणी उच्चारला तर पानटपरीवरही भांडण होतं.

मिग-२१ चे अपघात खूप झाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. कारणंही माहीत आहेत. इंजिन एक, उतरतानाचा वेग फार, पक्ष्यांच्या धडका, आणि साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट या वेगावर उडी मारणारे कोवळे वैमानिक. मधली पायरी असलेलं हॉक विमान आपल्याकडे आलं २००८ मध्ये. त्याआधी ती पायरीच नव्हती. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निरोप मिळेपर्यंत हे विमान बासष्ट वर्षं उडालं, आणि ज्या वयात यंत्राला घरी बसवायचं त्या वयातही आपण ते दामटलं.

पण २७ मेची घटना अपघात नव्हती. विमान बिघडलं नव्हतं. त्याला क्षेपणास्त्र लागलं. तिथे त्या दिवशी कुठलंही एका इंजिनाचं विमान असतं तरी शेपटीत क्षेपणास्त्र बसल्यावर हेच झालं असतं. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली की मारणारा बाजूला राहतो आणि दोष विमानाला जातो.

या घटनेनंतर काय बदललं?

दुसऱ्याच दिवशी, २८ मेला, तोलोलिंग शिखरावर हल्ला करणारं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. चौघे गेले. उष्णतेचं क्षेपणास्त्र फसवायला ज्या जळत्या ज्वाळा सोडतात त्यांची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. दोन दिवसांत पाच माणसं. त्यानंतर मात्र पद्धत बदलली. हेलिकॉप्टरं हल्ल्यातून काढली. विमानं क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेर, उंचावरून काम करू लागली. मिराज-२००० आणली गेली, १७ जूनला मुंथो ढालोचा रसदतळ उडवला, २४ जूनला टायगर हिलवर लेझरने वाट दाखवलेले बॉम्ब पडले.

मुंथो ढालोवर बॉम्ब पडला ते सगळ्यांना आठवतं. तो तळ टेहळणीत सापडला होता, ते कोणाला आठवत नाही. टेहळणीवाल्यांचं नशीबच तसं.

आहुजा महाराष्ट्राचे होते का?

नाही, राजस्थानातल्या कोट्याचे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत घडलेले, जून १९८५ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. एनडीएमुळे पुणेकर त्यांना अर्धं आपलं मानतात. मानू द्या.

अभिनंदनही मिग-२१ मध्येच होते ना? आणि कारगिलमध्ये आपण पाकिस्तानचं टेहळणी विमान पाडलं ते कोणतं?

या तिन्ही गोष्टी एकमेकींत फार मिसळतात. विंग कमांडर अभिनंदन यांची घटना २७ फेब्रुवारी २०१९ ची, बालाकोटनंतरच्या हवाई चकमकीतली. पाकिस्तानच्या नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान आपण पाडलं ते १० ऑगस्ट १९९९ ला, कच्छजवळ, युद्ध संपल्यावर. त्यात सोळा जण होते. ते पाडणारंही मिग-२१ च. त्या वर्षी मिग-२१ आभाळात सगळीकडे होतं.

नाशिकचा कारगिलशी दुसरा काही संबंध?

भरपूर. कारगिलमध्ये शिखरांवर ज्या बोफोर्स तोफा धडधडल्या, त्या चालवणाऱ्यांची शाळा देवळालीची, आणि जवानांचं प्रशिक्षण नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात. देवळालीच्या बाजूला राहणाऱ्यांना सरावाच्या तोफांनी खिडकीच्या काचा थरथरणं नवं नाही. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे. हिवाळ्यात कारगिलच्या दऱ्यांवरून हेलिकॉप्टरने टेहळणी होत असूनही घुसखोरी कळली नाही, हे कारगिल पुनरावलोकन समितीने तपासलं होतं. टेहळणीचा विषय नाशिकला परका नाही.

त्यांच्या स्मृतीला हवाई दल काय करतं?

२७ मे २०१९ ला, वीस वर्षं झाल्यावर, हवाई दलप्रमुख असलेल्या धनोआंनी भिसियानाच्या आभाळात स्वतः मिग-२१ उडवलं. 'मिसिंग मॅन' नावाची मांडणी असते. बाणाच्या आकारात विमानं जातात आणि एका विमानाची जागा मुद्दाम रिकामी सोडतात. आपल्या जुन्या फ्लाइट कमांडरसाठी प्रमुखांनी स्वतः त्या रिकाम्या जागेच्या पुढे उडावं, याचं मला अप्रूप वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १७ स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली, या वेळी राफेलसाठी.

ते विमान आपल्या ओझरलाच बनलं होतं का?

ओझरच्या शाळेत हा प्रश्न पहिला येतो, बाकीच्या गावात शेवटी.

यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि १९६४ मध्ये द्राक्षबागांच्या शेजारी, आग्रा रोडवर, मिगचा कारखाना उभा राहिला. इंजिन ओडिशातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा ओझरला. देशात सहाशेहून जास्त मिग-२१ बांधली गेली. आहुजा उडवत होते ती मिग-२१ ची जात ओझरला तयार झाली. नचिकेतांचं मिग-२७ ही ओझरचंच, दीडशेहून जास्त इथून बाहेर पडली. म्हणजे त्या दिवशी कारगिलला पडलेल्या दोन्ही विमानांच्या जातीची मुळं आमच्या गावात.

आमचे अण्णा पंख जोडायच्या शॉपमध्ये होते. रिव्हेट मारताना एकजण बाहेरून गन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा लावून उभा राहतो. त्याला बकिंग म्हणतात. अण्णांनी अनेक वर्षं ठोकळा धरला. त्यामुळे डावा कान अधू झाला आणि उजव्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडला. रिव्हेट नीट बसलंय की नाही हे ते न बघता, त्याच अंगठ्याने सांगायचे. घरात दाराची बिजागरी बसवली तरी आधी अंगठा फिरवायचे.

कारखान्यात प्रत्येक विमान नंबराने ओळखलं जायचं. अमक्या नंबराच्या वेळी पाऊस फार होता, तमक्याच्या वेळी आम्ही दिवाळीतही आलो होतो, असं बोलणं चालायचं. माणसाला नावाने ओळखावं तसं.

त्या गुरुवारी अण्णांचा उपवास होता. संध्याकाळी सातच्या बातम्यांना आमच्या घरी शेजारचे चौघे जमले होते, कारण आमचा टीव्ही मोठा होता. दोन विमानं गेल्याचं सांगितलं. मी साबुदाण्याची वाटी घेऊन उंबऱ्यात उभा होतो. कोणी बोललं नाही. मग शेजारचे काका, तेही मिगलाच, म्हणाले, "नंबर कळायला पाहिजे. उद्या कळेल कोणाकडून तरी."

अण्णांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "कळला तरी मला सांगू नका."